दोन ‘ब्लेड रनर’: एक पावसातला, एक बर्फातला

प्रश्न असा आला आहे: “१९८२चा ‘ब्लेड रनर’ आणि २०१७चा ‘ब्लेड रनर २०४९’ लागोपाठ पाहिले. पहिल्याची एवढी ख्याती का, ते कळलं नाही; गोष्ट अगदी थोडी आहे. दुसरा देखणा आहे, पण पावणेतीन तास संपता संपत नाहीत. दोघांत सरस कोणता? आणि ३५ वर्षांनी पुढचा भाग काढायची गरज होती का?”

मी अठ्ठावीस वर्षं संकलनाचं काम करतोय. स्टीनबेक या यंत्रावर फिल्म कापायला शिकलो, आता सगळं संगणकावर करतो. हे दोन्ही चित्रपट मी अनेकदा पाहिले आहेत, काही प्रसंग तर शॉट मोजत पाहिले आहेत. तेव्हा उत्तर एडिट टेबलावरून येणार, हे धरून चाला. शेवटांसकट सगळं सांगणार आहे.

थेट सांगायचं तर पहिल्यातली शेवटची वीसेक मिनिटं मी दुसऱ्यातल्या कशाच्याही वर ठेवीन. पण सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकसंध चित्रपट म्हणून दुसरा जास्त पक्का आहे. आणि पुढचा भाग काढायला हवा होता, कारण पहिल्यात ज्यांच्याकडे बाहेरून पाहिलं होतं त्यांच्या आत शिरायचं काम राहिलंच होतं.

आता मुळात तुम्ही कोणता ‘ब्लेड रनर’ पाहिलात, ते आधी तपासा. हा चित्रपट एक नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला नव्वदच्या दशकात, भाड्याने आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर. रुंद पडद्याचं चित्र टीव्हीच्या चौकोनात बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कापलेलं, म्हणजे जवळजवळ निम्मी फ्रेम गायब. वर हॅरिसन फोर्डचं कंटाळलेल्या आवाजातलं निवेदन, आणि शेवटी नायक-नायिका गाडीतून हिरव्या डोंगरांमधून निघून जातात. मीही तेव्हा तुमच्यासारखाच म्हणालो होतो, यात एवढं काय आहे?

ते निवेदन आणि तो गोड शेवट हे दोन्ही नंतर चिकटवलेले होते. १९८२च्या मार्चमध्ये डेनव्हर आणि डॅलसला चाचणी खेळ झाले. प्रेक्षक गोंधळले, पैसे लावणारे घाबरले. मग नायकाच्या तोंडून सगळं समजावून सांगणारं निवेदन आलं. शेवटाला डोंगरांची हवाई दृश्यं हवी होती, ती स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मधल्या न वापरलेल्या चित्रीकरणातून घेतली. ज्या शहरात दीड-पावणेदोन तास धड ऊन दिसत नाही, तिथून एका कटमध्ये स्वच्छ निळ्या आकाशाखाली! आमच्या धंद्यात याला ठिगळ म्हणतात, आणि ते लांबूनही दिसतं.

हे सगळं नीट व्हायला २५ वर्षं लागली. १९९० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक जुनी वर्कप्रिंट, म्हणजे संकलनाच्या वेळची कच्ची प्रत, दाखवली गेली, लोकांनी उचलून धरली. १९९२ मध्ये निवेदन आणि गोड शेवट काढून ‘डिरेक्टर्स कट’ आला, पण त्यावरही दिग्दर्शक रिडली स्कॉट यांचा पूर्ण हात फिरला नव्हता. तो फिरला २००७च्या ‘फायनल कट’वर. तिथे केलेली दुरुस्ती पाहिली की माझ्यासारख्याचे हात आपोआप जोडले जातात. झोरा ही रेप्लिकंट, म्हणजे हुबेहूब माणसासारखी बनवलेली कृत्रिम व्यक्ती, काचा फोडत पळते आणि पाठीत गोळी लागून पडते, त्या दृश्यात मूळ प्रतीत स्टंटवालीचा चेहरा चक्क ओळखू यायचा. २५ वर्षांनी जोआना कॅसिडी यांना बोलावून त्यांचा चेहरा तिथे बसवला. सापाच्या दुकानातल्या संवादात ओठ जुळत नव्हते. त्यासाठी फोर्ड यांच्या मुलाचं तोंड चित्रित करून वापरलं. पोलीस प्रमुख पळालेल्या रेप्लिकंटांचा आकडा सांगतो, तो हिशेबात बसत नव्हता. तोही नीट केला. रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय मरतो आणि त्याच्या हातातलं कबूतर उडतं, ते १९८२ मध्ये भर पावसातून एकदम निळ्या आकाशात शिरायचं. आता ते काळवंडलेल्या आकाशातच जातं.

म्हणून तुलना करताना एवढं ध्यानात ठेवा: आपण आज ज्याला ‘पहिला’ म्हणतो त्याला दुरुस्तीसाठी पाव शतक मिळालं. दुसरा एकदाच टेबलावर बसला आणि थेट पडद्यावर गेला. जुनी प्रत पाहिली असेल तर आधी २००७ची पाहा, मग आपण भांडू.

पहिल्यात गोष्ट थोडी आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. २०१९ सालचं लॉस एंजेलिस, चार रेप्लिकंट पृथ्वीवर पळून आलेत, एका निवृत्त पोलिसाने त्यांना शोधून मारायचं. फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या कादंबरीतला बराच माल पटकथेत गाळला आहे. पण मला विचाराल तर या चित्रपटात कथानक फ्रेमच्या आत दडलंय. पडद्यावर एका वेळी इतकं काही चाललेलं असतं की शॉट संपतो तेव्हा आपलं पाहून झालेलं नसतं. संकलक म्हणून मला त्यातला सगळ्यात जास्त हेवा याचाच वाटतो.

हे गच्च भरलेपण आलं अडचणीतून. रस्ता म्हणजे बरबँकच्या स्टुडिओच्या आवारातला जुना न्यूयॉर्कचा सेट. तो सेट आहे हे कळू नये म्हणून रात्री चित्रीकरण, त्यावर पाऊस, त्यावर धूर. सिड मीड यांनी गाड्यांपासून पार्किंग मीटरपर्यंत सगळं कागदावर उतरवलं होतं. छायाचित्रकार जॉर्डन क्रोननवेथ यांना तेव्हा पार्किन्सन्स जडला होता. त्यांनी खिडक्यांच्या बाहेरून झोतदिवे आत सोडले, आणि कथेत त्याला कारण दिलं की आकाशात जाहिरातींची विमानं हिंडतायत. १८९३ साली बांधलेली ब्रॅडबरी बिल्डिंग एरवी उजेडाने भरलेली असते. त्याच इमारतीत हे झोत भिंतींवरून सरकत जातात तेव्हा ती ओळखू येत नाही. सुरुवातीचं ज्वाळा ओकणारं शहर डग्लस ट्रंबल यांच्या चमूने छोट्या प्रतिकृती ठेवून उभं केलं, एकाच निगेटिव्हवर पुन्हा पुन्हा एक्स्पोजर देत. एक एक्स्पोजर चुकलं की आधीचे सगळे वाया. आज आम्ही चूक झाली की मागे जाऊन सुधारतो, त्या माणसांना ती सोय नव्हती. तो धोका पडद्यावर जाणवतो, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसऱ्याकडे या. दिग्दर्शक डेनी विलनव्ह आणि छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी नेमकं उलट केलं. फ्रेम रिकामी केली. पहिल्या शॉटमध्ये एक डोळा उघडतो, मग सौरपट्ट्यांची वर्तुळं क्षितिजापर्यंत. करड्या धुक्यात एक शेतघर, एक मेलेलं झाड. लास वेगास म्हणजे नारिंगी धुळीत एक माणूस चालतोय, बस्स. २००९ मध्ये सिडनीवर आलेल्या धुळीच्या वादळाचे फोटो त्यामागे आहेत. चित्रीकरण बहुतेक हंगेरीत, खऱ्या बांधलेल्या सेटवर झालं, शहराच्या मोठ्या प्रतिकृतीही बनवल्या. डीकिन्स यांना चौदाव्या नामांकनाला पहिलं ऑस्कर मिळालं ते यासाठी.

फ्रेम रिकामी झाली की संकलनाचा हिशेब बदलतो. गच्च फ्रेम थोडा वेळ दाखवली तरी ती मनात रेंगाळते. रिकाम्या फ्रेमला वेळ द्यावा लागतो, नाहीतर ती फक्त सुंदर वॉलपेपर होते. संकलक जो वॉकर यांनी तो वेळ दिला आहे. तुम्हाला जे लांबलेलं वाटलं ते बरंचसं हेच आहे.

या लांबीबद्दल एक हकीकत आहे. वॉकर यांनी मुलाखतीत सांगितलंय की पहिली जुळणी जवळपास चार तासांची होती आणि ती बघायला सोयीचं जावं म्हणून त्यांनी दोन तुकडे केले. ते तुकडे पाडल्यावर लक्षात आलं की गोष्टच दोन अर्ध्यांची आहे. नायक के आणि त्याची आभासी सोबतीण जॉय यांच्या त्या रात्रीपर्यंत एक, जिथे के आपला भूतकाळ हुडकतोय. दुसऱ्या सकाळपासून दुसरी, जिथे तो त्या भूतकाळाला सामोरा जातो. आता आपली गंमत बघा. जगात बाकी बहुतेक ठिकाणी हा चित्रपट सलग दाखवला गेला, आपल्याकडे मध्यंतर होतं. म्हणजे विलनव्हच्या टेबलावर आपोआप सापडलेली फट आपल्याला आयती वापरता आली असती. मी मुंबईत ज्या थिएटरात पाहिला तिथे मात्र भलत्याच शॉटच्या मधोमध दिवे लागले. परत आलो तेव्हा तो ठेका तुटला होता, पुढची वीस मिनिटं मी चित्रपटाच्या बाहेरच होतो. तुम्ही घरी पाहणार असाल तर त्या रात्रीनंतरची सकाळ होते तिथे थांबा, चहा करून घ्या. लांबी निम्म्याने कमी वाटेल.

आता मुख्य मुद्दा, आणि त्यासाठी दोन्हीकडचे फक्त दोन प्रसंग शेजारी ठेवतो. दोन्ही परीक्षांचे आहेत.

पहिल्याच्या सुरुवातीला लिऑन या रेप्लिकंटची व्हॉइट-काम्फ चाचणी आहे. अंधारी खोली, छताला पंखा, सिगारेटचा धूर, टेबलावर श्वास घेतल्यासारखं हलणारं यंत्र. अधिकारी सावकाश विचारतो: वाळवंटात एक कासव उलटं पडलंय, तू त्याला मदत करत नाहीस, का? यंत्राचा रोख लिऑनच्या डोळ्यातल्या बाहुलीवर आहे. संपूर्ण प्रसंग प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या थांब्यांवर कापलाय. लिऑन अडखळतो, कट त्याच्यावर थांबतो. यंत्रावर डोळा मोठा दिसतो, कट पुन्हा अधिकाऱ्यावर. करुणा असेल तर माणूस, नसेल तर यंत्र, अशी ती चाचणी. आईबद्दल प्रश्न येतो आणि गोळी सुटते. आपण टेबलाच्या अलीकडे, माणसाच्या बाजूला बसलेलो असतो.

दुसऱ्यात के हा पोलीसच रेप्लिकंट आहे, आणि हे पहिल्या काही मिनिटांतच उघड होतं. रहस्य ठेवलेलंच नाही. प्रत्येक कामगिरीनंतर त्याची ‘बेसलाइन’ चाचणी होते. कोंदट पांढरी खोली, भिंतीतून येणारा आवाज, नाबोकॉव्हच्या ‘पेल फायर’मधल्या ओळी. प्रश्न भडिमारासारखे येतात: प्रिय माणसाचा हात हातात धरलास तर कसं वाटतं? केने फक्त ठरलेला शब्द परत म्हणायचा. इथे थांबायला जागाच नाही. एवढ्या संथ चित्रपटातला हा सगळ्यात वेगवान प्रसंग आहे, प्रश्नाच्या शेपटीवर उत्तर. दुसऱ्यांदा तीच चाचणी होते तेव्हा शब्द तेच आहेत, पण केची उत्तरं मागे पडतात, त्याचा चेहरा आवरत नाही. तेवढ्या फरकावर तो नापास होतो, आणि नापास म्हणजे मरण.

चाचणी उलटी झाली, बघा. पहिल्यात भावना नसणं हा गुन्हा होता, दुसऱ्यात भावना असणं. आणि आपण आता टेबलाच्या पलीकडे, ज्याची परीक्षा चाललीय त्याच्या खुर्चीत आहोत. ३५ वर्षांनी पुढचा भाग काढायचा तर एवढं वळण घेता यायला हवं. निव्वळ जुने चेहरे आणि जुनी उडती गाडी दाखवून हे जमलं नसतं. शिवाय पहिल्याचा जो वाद चाहते वर्षानुवर्षं घालतायत, फोर्डने रंगवलेला नायक डेकर्ड स्वतः रेप्लिकंट आहे का, त्याला विलनव्हने हात लावला नाही. स्कॉट म्हणतात आहे, फोर्ड बरीच वर्षं नाही म्हणत होते. नव्या चित्रपटात एक कुत्रा आहे, तो खरा आहे का असं के विचारतो, डेकर्ड म्हणतो त्यालाच विचार. विषय संपला.

दुसऱ्यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग अॅना स्टेलिनचा. ती रेप्लिकंटांसाठी आठवणी बनवते, काचेच्या बंद खोलीत राहते. के तिला विचारायला जातो की लाकडी घोडा लपवल्याची माझी आठवण खरी आहे का. ती यंत्रातून ती आठवण पाहते, तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं, आणि ती म्हणते, हो, हे कुणीतरी जगलंय. के खुर्ची लाथाडून ओरडतो. रायन गॉसलिंग अख्ख्या चित्रपटात एवढा एकदाच फुटतो. पहिल्या वेळी आपण केकडे बघतो, तिचे अश्रू ही त्याच्यासाठीची कणव समजतो. शेवटी कळतं की आठवण तिचीच होती. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा त्याच कटमध्ये तुमची नजर केवरून तिच्यावर जाईल. काहीही लपवलेलं नाही, तिचा क्लोजअप पुरेसा वेळ समोर आहे. आपणच चुकीच्या चेहऱ्याकडे बघत होतो. हे लिहिताना सोपं वाटतं, टेबलावर साधणं फार अवघड आहे: तो शॉट थोडा लांबला तर गुपित फुटतं, थोडा आखडला तर दुसऱ्या खेळाला काही हाती लागत नाही.

कमी काय पडलं, तेही सांगतो. जेरेड लेटोने रंगवलेला वॉलेस, रेप्लिकंट बनवणारा उद्योगपती. तो बोलतो, बोलतच राहतो, आणि प्रत्येक वेळी चित्रपट त्याच्या पायाशी बसतो. त्याच्या दालनातला पाण्यावरून हलणारा उजेड अप्रतिम आहे, पण मला संधी मिळाली असती तर त्याची निम्मी वाक्यं मी कापली असती. पहिल्यातला तसाच उद्योगपती टायरेल थोडंच बोलतो आणि जास्त धाक वाटतो. सिल्व्हिया हुक्सने रंगवलेली त्याची हस्तक लव मात्र जबरदस्त; मारताना डोळ्यांत पाणी असलेली खलनायिका मी फारशी पाहिली नाही. रेप्लिकंटांच्या बंडाचा प्रसंग तर दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटातून आल्यासारखा वाटतो, दार उघडतं आणि तसंच सोडून दिलं जातं.

आणि पहिल्यातली नायिका, तरुण रेचल, पुन्हा आणली ती. दुसऱ्या अभिनेत्रीच्या अंगावर संगणकाने शॉन यंगचा १९८२चा चेहरा बसवलाय. काम उत्तम आहे, पण माझा जीव त्या कारागिरीपेक्षा डेकर्डच्या एका वाक्यात अडकला: तिचे डोळे हिरवे होते. म्हणून तो तिला नाकारतो. शॉन यंगचे डोळे तपकिरी, पण पहिल्या चित्रपटातल्या चाचणीच्या पडद्यावर हिरवा डोळा दिसतो. तेव्हा म्हातारा खोटं बोलतोय, की विसरलाय, की ३० वर्षं मनात जपलेली रेचलच निराळी आहे? तिन्ही शक्य आहेत. पहिल्याच्या एका बारीक विसंगतीतून दुसऱ्याने केवढं काढलं!

संगीताबद्दल थोडक्यात. व्हांगेलिस यांनी यामाहा सीएस-८० वर वाजवलेलं संगीत त्या शहराचा श्वास वाटतं, पावसाचा आवाज कुठे संपतो आणि सूर कुठे लागतो ते कळत नाही. हॅन्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांचं संगीत छातीवर आदळतं. थिएटरात ते चालतं, घरी थकवतं.

उरले शेवट. पहिल्यात रॉय पावसात बसलाय, तळव्यात खिळा, हातात कबूतर. ज्याला मारायचं त्यालाच त्याने वर ओढून वाचवलंय. पटकथेतलं लांबलचक भाषण रटगर हाउअर यांनी स्वतः छाटलं आणि पावसातल्या आसवांची ती ओळ स्वतःची घातली. नटाने असं संकलन करावं याला तोड नाही. संकलक टेरी रॉलिंग्ज यांनी तिथे फारसं काहीच केलं नाही: रॉय, डेकर्ड, रॉय. चेहऱ्यावर थांबले. थांबणं हेही आमचं कामच आहे, आणि ते करायला सगळ्यात जास्त धीर लागतो.

दुसऱ्यात के जिन्याच्या पायऱ्यांवर आडवा होतो. बर्फ पडतंय, व्हांगेलिसची तीच धून येते. पहिल्यांदा मला ती उसनवारी वाटली होती, रागही आला होता. आता येत नाही. कारण पुढचा कट बघा. के तळवा उघडून खरं बर्फ झेलतोय. तिथून कट आत, अॅना तिच्या काचेच्या खोलीत उभी आहे आणि तिच्या भोवतीही बर्फ पडतंय, तिने बनवलेलं, खोटं. दारात तिचा बाप उभा आहे, हे तिला अजून माहीत नाही. ती म्हणते, जरा थांबा, सुंदर आहे ना? डेकर्ड पुढे येतो, काचेवर हात ठेवतो, आणि पडदा काळा होतो. के बाहेरच आहे, त्याच्याकडे कॅमेरा परत जात नाही.